रोजा, रील आणि पन्नाशीची आई

रमजान सुरू झाला की मोबाईलच्या पडद्यावर दोन बाजार भरतात. एकात कढईतले समोसे, चीज भरलेले कबाब आणि साखरेने घट्ट झालेली सरबते. दुसऱ्यात महिन्याभरात पोट सपाट करण्याची हमी, सफरचंदाचे व्हिनेगर आणि भात-भाकरी सोडण्याचे सल्ले. पन्नाशीतली गृहिणी दुपारी पहिला बाजार पाहून इफ्तारचे तळण काढते आणि रात्री दुसरा पाहून स्वतःच्या पोटाला नावे ठेवते.

खरे तर दोष तिचा नाही. भारतात बहुतेक स्त्रियांची पाळी ४५ ते ५० च्या दरम्यान जाते. इस्ट्रोजेन कमी झाले की चरबी पोटाभोवती जमू लागते. वयाबरोबर स्नायू घटतात, म्हणून पूर्वीइतकेच खाऊनही वजन वाढते. याच काळात हाडे झपाट्याने विरळ होतात. अशा वेळी उपासमार करून वजन उतरवले, तर चरबीबरोबर स्नायू आणि हाडांची ताकदही जाते. पंचविशीतल्या मुलीचा आहार पंचावन्नच्या बाईला कसा लागू पडेल?

रोजा म्हणजे डाएटिंग नव्हे. रोज्याला नियत लागते, वजनकाटा नाही. आजाऱ्याला इस्लामने रोज्यातून सवलत दिली आहे. ज्याला पुढेही रोजा झेपणार नाही, त्याने फिदिया म्हणून गरिबाला जेवू घालावे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी, फॉरवर्ड वाचून नव्हे. शेजारच्या घरात तरी वेगळे काय घडते? एकादशीला साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्याचे ताट भरते आणि दुसऱ्या दिवशी त्याच मोबाईलवर वजन घटवण्याचे चूर्ण शोधले जाते.

उपाय महागडे नाहीत. सहरीला भाकरी, डाळ, अंडे किंवा दही. इफ्तारला खजूर, पाणी, फळे आणि उकडलेले चणे. तळण रोज न करता आठवड्यातून एखाद-दोनदा. इफ्तारनंतर थोडे चालणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेनेही शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेऊ नयेत, असे सुचवले आहे. डाळ-कडधान्ये, दूध आणि अंडी आपल्या बाजारात मिळतातच.

पण हे सारे तिच्या एकटीवर टाकून चालणार नाही. दस्तरखानावर दहा पदार्थ हवेत हा हट्ट घरच्यांचा असतो. सगळ्यांचे झाल्यावर उरलेली भजी 'वाया जायला नकोत' म्हणून तीच खाते, आणि ईदला नवे कपडे घातल्यावर 'अम्मी, किती जाड झालीस' असेही तिलाच ऐकावे लागते. सब्र फक्त भुकेचा नसतो, जिभेचाही असतो. चवीची आणि बोलण्याची, दोन्ही जिभा घरच्यांनी आवरल्या, तर कुठल्याही रीलपेक्षा तिचे अधिक भले होईल.