मागणीबरहुकूम कुत्रा : दोष संकराचा की बाजाराचा?

महागाई, बेकारी आणि पाणीटंचाई असे प्रश्न आ वासून उभे असताना कुत्र्यांच्या पैदाशीसारख्या विषयावर वृत्तपत्राने जागा का खर्च करावी, असे अनेक वाचकांना वाटेल. काही दिवसांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. परंतु आमच्या महाविद्यालयातील एका लिपिक सहकाऱ्यांनी मुलीच्या हट्टापायी, जवळजवळ महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मोजून, एक कुरळ्या केसांचे 'खास संकरित' पिलू आणले. या जातीच्या केसांचा कोणालाही त्रास होत नाही, ही पिले कधी आजारी पडत नाहीत, अशी ग्वाही विक्रेत्याने दिली होती. बाराव्या दिवशी ते पिलू पार्व्हो या संसर्गजन्य रोगाने दगावले. त्याला आईपासून फार लवकर तोडले असावे, असे पशुवैद्यांचे म्हणणे पडले. विक्रेत्याकडे ना पावती होती, ना त्या पिलाची आई कोठे आहे याचे उत्तर. सहकाऱ्यांच्या पैशांचे दुःख ओसरेल, पण त्या मुलीने विचारलेल्या "बाबा, चूक कोणाची?" या प्रश्नाचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

या प्रकरणाचा उगम मात्र अत्यंत सद्हेतूतून झालेला आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. हवाई बेटांवरील एका अंध महिलेला वाटाड्या कुत्रा हवा होता. परंतु तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांचे वावडे होते. ऑस्ट्रेलियातील अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत काम करणारे वॉली कॉनरन यांनी आधी पूडल जातीचे अनेक कुत्रे तपासून पाहिले. त्यांपैकी एकही त्या कामास उतरला नाही. अखेर १९८९ च्या सुमारास त्यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर घडवून आणला. झालेल्या तीन पिलांपैकी एकच त्या पतीला मानवले. उरलेली पिले सांभाळण्यास मात्र कोणी पुढे येईना, कारण लोकांना संकरित कुत्रा नको होता. तेव्हा या पिलांना 'लॅब्राडूडल' असे आकर्षक नाव देऊन त्याची प्रसिद्धी करण्यात आली आणि पाहता पाहता मागणीचा पूर लोटला.

कुत्रा तोच, आईबाप तेच, गुणदोषही तेच. बदलले ते केवळ नाव. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मागणी म्हणजे काय हे शिकवण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. पुढे कॉकापू, कॅव्हापू अशा नावांची रांगच लागली. कॉनरन यांनी उतारवयात, २०१९ साली, आपण एका राक्षसाला मोकळे सोडले अशा आशयाची खंत जाहीरपणे व्यक्त केली. आपल्या हातून घडलेल्या चांगल्या कामाचा असा पश्चात्ताप करण्याची वेळ एखाद्यावर का यावी?

या प्रश्नाला एक झटपट उत्तर नेहमी दिले जाते. ते असे, की संकर हाच मुळात दोष आहे. शुद्ध जातींमध्ये भेसळ केल्याचे हे फळ आहे. शुद्ध वंशाच्या कुत्र्यांचे अभिमानी हा आक्षेप मोठ्या तावातावाने मांडतात. परंतु तो टिकणारा नाही. आज ज्यांना आपण शुद्ध जाती म्हणतो, त्यांपैकी बहुतेकांच्या बंदिस्त वंशावळी गेल्या दीडशे वर्षांतल्या आहेत. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले प्रदर्शन भरले ते १८५९ साली, आणि लंडनचा केनेल क्लब स्थापन झाला १८७३ साली. नोंदवहीबाहेरचे रक्त आत येऊ द्यायचे नाही, हा दंडक त्यानंतर रूढ झाला. त्याची किंमत कोणी मोजली? इंग्रजी बुलडॉगच्या बहुसंख्य माद्यांची प्रसूती आज शस्त्रक्रियेवाचून होऊ शकत नाही, कारण माणसाने हौसेखातर पिलांची डोकी मोठी करून ठेवली आहेत. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास घेणे हेच कष्टाचे काम होऊन बसले आहे. डालमेशियन जातीत तर मूत्राम्लाचा दोष शुद्ध वंशातील प्रत्येक कुत्र्यात उतरला होता. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शाइब्ल या शास्त्रज्ञाने पॉइंटर जातीशी एकच संकर करून आणि पुढील पिढ्या पुन्हा डालमेशियनशी जुळवून हा दोष दूर करून दाखवला. परंतु त्या निरोगी वंशाला तेथील नोंदणी संस्थेचा कायमचा स्वीकार लाभण्यास २०११ साल उजाडावे लागले. रोगी चालेल, पण शुद्ध हवा, असा हा न्याय! रक्तशुद्धीच्या कल्पनेने माणसामाणसांत काय अनर्थ केला हे फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. तीच कल्पना मुक्या प्राण्यांच्या बाबतीत आपण शास्त्र म्हणून स्वीकारावी, हे काही शोभणारे नाही.

तेव्हा संकर हा दोष नव्हे. पण म्हणून संकरित पिलांच्या व्यापाऱ्यांचे दावे खरे ठरतात असेही नाही. पहिला दावा असा, की या कुत्र्यांमुळे वावड्याचा त्रास होत नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅब्राडूडल आणि पूडल यांच्यासह अनेक जातींच्या कुत्र्यांचे केस आणि त्यांच्या घरांतील धूळ व हवा तपासली. 'वावडेमुक्त' म्हणवणाऱ्या जातींना ते बिरुद देण्यास कोणताही आधार त्यांना आढळला नाही. दुसरा दावा असा, की संकरित कुत्रा अधिक निरोगी असतो. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी होती. त्यात कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू या तिघांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ विकारांच्या संदर्भात तुलना करण्यात आली. शेकडा ८६.६ तुलनांमध्ये लक्षणीय फरकच आढळला नाही. म्हणजे संकराचे निंदक आणि संकराचे विक्रेते, दोघेही तोंडघशी पडले.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट १९६४ पासून, म्हणजे संकरित ज्वारीचे पहिले वाण आले तेव्हापासून, ठाऊक आहे. संकरित ज्वारीचे पहिले पीक जोमदार आणि एकसारखे येते. पण त्याच पिकातले बी राखून पेरले, तर पुढच्या वर्षी शेतात ताटास ताट जुळत नाही. म्हणूनच बियाणे दर वर्षी नवे घ्यावे लागते. कुत्र्यांच्या बाबतीतही संकरितांचा पुन्हा संकर केला, की कोणाचे केस कुरळे, कोणाचे सरळ, स्वभाव निराळा, आकार निराळा, अशी स्थिती होते. शिवाय आई आणि बाप या दोघांच्या जातींत एकच आनुवंशिक विकार असेल, तर संकराने तो टळत नाही. लॅब्रॅडॉर आणि पूडल या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष आणि हळूहळू अंधत्व आणणारा डोळ्यांचा विकार आढळतो. पैदाशीपूर्वी दोघांचीही तपासणी करणे हाच त्यावरचा उपाय. पण तपासणीला पैसा लागतो, आणि ती केली काय किंवा न केली काय, पिलू दिसते तितकेच गोजिरवाणे!

येथे प्रश्नाचे मर्म आहे. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. विक्रेत्याला मालाचा दोष ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात, अशा बाजारात ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही. आणि खोट्या नाण्याने खरे नाणे हुसकावून लावावे तसा वाईट माल चांगल्याला बाजाराबाहेर काढतो. पिलांचा बाजार हा तंतोतंत असा आहे. जो पैदासकार मादीला विश्रांती देतो, तपासण्या करतो, पिलांना आठ आठवडे आईजवळ ठेवतो, त्याचा खर्च वाढतो. जो यांपैकी काहीही करत नाही, तो त्याच नावाचे पिलू कमी भावात देतो. नाव आणि छायाचित्र पाहून खरेदी करणारा ग्राहक नकळत दुसऱ्यालाच बक्षीस देतो.

त्यात भर पडते ती प्रतिष्ठेच्या हौसेची. थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाचे विवेचन करताना हौशी कुत्र्यांचा दाखला दिला होता. उपयोग नसणे आणि विचित्र दिसणे हीच जेथे किमतीची कारणे होतात, तेथे प्राण्याचे सुख हिशेबात येतच नाही. मुंबई-पुण्याच्या उकाड्यात दाट लोकरीच्या हस्कीला दोन खोल्यांच्या घरात कोंडणारे आपण, ऑस्ट्रेलियाला किंवा इंग्लंडला नावे ठेवण्याच्या अधिकाराचे नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारार्ह आहे. खरेदी-विक्री उभयपक्षी राजीखुशीची असते. शिवाय ही मागणी नसती, तर ती पिले जन्मलीच नसती. मग त्यांच्यावर अन्याय कसला? पहिल्या भागाचे उत्तर असे, की या व्यवहारात पक्ष दोन नसून चार आहेत : विकणारा, घेणारा, पिलू आणि त्याची आई. शेवटच्या दोघांची संमती कोणी विचारलेली नाही, आणि सौद्याचा भार मात्र त्यांच्याच शिरावर आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर असे, की जन्म देणे हा उपकार मानला, तर जन्मदात्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. टाळता येण्याजोगी वेदना ज्याने जाणूनबुजून आयुष्याबरोबर जोडून दिली, त्याला आयुष्य दिल्याची बढाई मारता येणार नाही.

कायदा अगदीच मुका आहे असेही नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. त्यांनुसार पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. अठरा महिन्यांपूर्वी मादीला गाभण करता येत नाही. तिची आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. आठ आठवड्यांखालील पिलू विकता येत नाही. नियम उत्तम आहेत. पण ते ग्राहकाला माहीत नाहीत आणि विक्रेत्याला आठवत नाहीत. इंग्लंडने २०२० साली लहान पिलांची मध्यस्थांमार्फत होणारी विक्री बंद केली. पिलू घ्यायचे तर ते जेथे जन्मले तेथे, आईच्या सान्निध्यात पाहूनच घ्यायचे, असा त्याचा अर्थ. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर जातीची पैदास प्राणी कल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरवली. जातीचे नाव नव्हे, तर जन्मणाऱ्या जिवाची प्रकृती ही कसोटी मानण्याची ही दिशा योग्य आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १.५३ कोटी भटकी कुत्री होती. त्यांचे काय करावे यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला एकाच महिन्यात आपला आदेश बदलावा लागला, इतका तो प्रश्न बिकट आहे. ज्या समाजाला रस्त्यावरच्या कुत्र्यांची व्यवस्था लावता येत नाही, त्याच समाजात मागणीबरहुकूम नव्या कुत्र्यांची पैदास बिनदिक्कत चालावी, ही विसंगती आहे. पिढ्यान्‌पिढ्या याच हवेत वाढलेले गावठी कुत्रे हेही संकरितच. फक्त त्याला कोणी आकर्षक नाव दिलेले नाही.

प्रत्येकाने गावठीच कुत्रा पाळावा असा माझा आग्रह नाही. परंतु पिलू विकत घेणाऱ्याने तीन गोष्टी मागाव्यात : नोंदणीचा क्रमांक, आईबापांच्या तपासणीची कागदपत्रे आणि पिलाच्या आईचे प्रत्यक्ष दर्शन. यांपैकी एकीलाही टाळाटाळ झाली, तर मुकाट्याने परत फिरावे. आपल्यासारख्या मध्यमवर्गीय ग्राहकाच्या हाती सत्ता नसली, तरी नकार देण्याची ताकद निश्चित आहे, आणि बाजाराला तीच भाषा समजते. माझ्या सहकाऱ्यांच्या मुलीला मी एवढेच सांगू शकेन : चूक संकराची नव्हती, ती विकणाऱ्याची होती, आणि न विचारता घेणाऱ्या आपणा मोठ्या माणसांचीही होती.