‘पुढे कसंय?’ या प्रश्नाचं खरं उत्तर

धार-देवास म्हटलं की आपल्याला पवारांची संस्थानं आठवतात, कुमार गंधर्व आठवतात. क्षयाने आजारी असलेले कुमारजी १९४८ मध्ये देवासला गेले, ते तिथली कोरडी हवा मानवेल म्हणून. पण पावसाळ्यात त्याच भागातला रस्ता जिवावर बेतू शकतो. जून २०२५ मध्ये इंदूर-देवास रस्त्यावर पुलाचं काम चालू असताना पाऊस झाला, वाहतूक पार थांबली आणि लोक तासन्‌तास अडकले. कोंडीत तिघांचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

हा रस्ता आपल्याला परका नाही. इकडे धार जिल्ह्यात खलघाटला, १८ जुलै २०२२ रोजी, इंदूरहून अमळनेरला निघालेली आपली एसटी पुलावरून नर्मदेत कोसळली. किमान बारा माणसं गेली. म्हणून पुढच्या रस्त्याची खबर ड्रायव्हरला वेळेवर कशी मिळेल, हा प्रश्न आपलाही आहे.

त्यावर सध्या एक उत्तर सुचवलं जातं: बोलणारा एआय. ड्रायव्हरने विचारायचं, यंत्राने सांगायचं. मला ही कल्पना पटते. पण माझी एक अट आहे. त्या यंत्राला ‘मला माहीत नाही’ म्हणता आलं पाहिजे.

आधी कल्पना का पटते ते सांगते. माहितीचा आपल्याकडे अगदी दुष्काळ नाही. हवामान खातं जिल्हावार पिवळे, नारंगी, लाल इशारे देतं, पुढच्या तीन तासांचा अंदाजही देतं. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप आहे. डिसेंबर २०२५ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने जिओशी करार केला, तो धुकं, मोकाट जनावरं, अपघाताच्या जागा यांची सूचना मोबाइलवर देण्यासाठी. अडचण आहे ती भाषेची. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मध्यम ते जोरदार पाऊस’ हे वाक्य चुकीचं नाही. पण धार जिल्ह्यातला गणपती घाट, जिथे तीव्र उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी झाले आहेत, तो उतरणाऱ्या माणसाने या वाक्याचं करायचं काय? त्याला विचारायचं असतं, ‘आत्ता उतरू की मानपूरला थांबू?’ मेसेज हे ऐकून घेत नाही. शिवाय स्टिअरिंगवर हात असताना तो वाचायचा तरी कसा? माळवी, निमाडी, हिंदी, मराठी, ज्याच्या त्याच्या बोलीत दोन वाक्यांत उत्तर मिळालं, तर खरंच जीव वाचतील.

आता अट. खलघाटच्या अपघाताला महिना व्हायच्या आत, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याच धार जिल्ह्यात कारम नदीवरचं बांधकाम चालू असलेलं धरण गळू लागलं. अठरा गावं रिकामी केली, आग्रा-मुंबई महामार्गावरची वाहतूक थांबवली, शेवटी बाजूने चर खणून पाणी सोडलं. अशा वेळी नुसत्या पावसाच्या आकड्यांवर चालणारं यंत्र काय सांगेल? ‘हलका पाऊस, रस्ता खुला.’ तेही अगदी गोड आवाजात. भाषेची ही मॉडेल्स पुढचा शक्य शब्द जुळवत वाक्य तयार करतात. माहिती नसली तरी वाक्य तयार होतंच, आणि ते चांगलं, शुद्ध असतं. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे वेगळं सांगायला नको. चांगलं वाक्य आणि खरं वाक्य यांत फरक असतो.

ढाब्यावरची जुनी पद्धत आठवा. समोरून आलेल्याला विचारायचं, ‘पुढे कसंय?’ तो म्हणतो, ‘मी चारला निघालो तेव्हा नाल्यावर पाणी नव्हतं. आत्ताचं सांगू शकत नाही.’ या दोन वाक्यांत सगळं आहे: कोणी पाहिलं, कधी पाहिलं आणि कुठपर्यंत माहीत आहे. यंत्राकडून मला एवढंच हवंय.

कोणी म्हणेल, सारखं ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या यंत्राला विचारणार कोण? मला उलट वाटतं. न पाहिलेलं ठोकून देणाऱ्याला एकदा फसलं की कोणी पुन्हा विचारत नाही. ‘आत्ताचं सांगू शकत नाही’ म्हणणाऱ्यावरच विश्वास बसतो. आणि ऊठसूट धोक्याची घंटा वाजवणंही तितकंच वाईट. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे.

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. २०२४ मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाला चांगलंच सुनावलं. त्यांच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली होती आणि ती चूक कंपनीची ठरली, तिला भरपाई द्यावी लागली. तिथे प्रश्न तिकिटाच्या पैशांचा होता. घाटात पैसे परत देऊन भागत नाही. म्हणून ज्या खात्याच्या किंवा कंपनीच्या नावाने यंत्र बोलेल, त्यांनी त्याच्या शब्दाला बांधील राहायला हवं. आणि यंत्राला उत्तर नसेल तिथे त्याने सरळ १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवरच्या माणसाला फोन जोडून द्यावा.

यात आपल्यालाही काम आहे. ही इशाऱ्यांची वाक्यं कोणीतरी लिहिणार, तपासणार. ती फक्त इंजिनिअरांवर का सोडायची? आपल्या घरचा इशारा बघा: ‘सावकाश जा, पोचलास की फोन कर.’ किती छोटा आहे, आणि तो देणारं माणूस फोन येईपर्यंत जागं असतं.