डागडुजी, नूतनीकरण, पुनर्विकास

महापालिकेच्या ठरावांची मराठी आमच्या अभ्यासक्रमात कधी येत नाही. यायला हवी, असे अलीकडे वाटू लागले आहे. सार्वजनिक वास्तूंविषयी या भाषेत जे शब्द योजले जातात त्यांची उतरंड पाहण्यासारखी आहे. ‘डागडुजी’ हा शब्द जवळपास हद्दपार झाला. ‘दुरुस्ती’ उरली आहे, पण बहुधा तलावाच्या किंवा बागेच्या दारावरच्या पाटीपुरती. ‘दुरुस्तीसाठी बंद’ या वाक्यखंडाला कर्ता नाही आणि काळही नाही. त्याच्या वरच्या पायरीवर ‘सुशोभीकरण’, मग ‘नूतनीकरण’ आणि सर्वांत वर ‘पुनर्विकास’. शब्द जितका संस्कृत तितके अंदाजपत्रक फुगलेले, असा नियमच सांगता येईल.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे उदाहरण घ्यावे. १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. जून १९६८ मध्ये उद्घाटन झाले तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आले होते. वास्तूच्या कल्पनेत पु. ल. देशपांडे यांचा मोठा वाटा. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची चित्रे तिथे लागली, एक पुरुषवेशातले आणि एक स्त्रीभूमिकेतले. रस्ते, गटारे, पाणी यांत बुडालेल्या महापालिकेने नागरिकांच्या नाटक पाहण्याचीही सोय करावी, आणि ती अशा इतमामाने करावी, ही त्या काळातली लहान गोष्ट नव्हे.

२०१८ मध्ये, म्हणजे सुवर्णमहोत्सवाच्याच वर्षी, ही वास्तू पाडून तिथे मोठे संकुल उभारण्याचा प्रस्ताव महापालिकेने पुढे आणला. विरोध झाला, समर्थनही झाले. नंतरच्या वर्षांत प्रस्ताव कधी पुढे सरकला, कधी मागे पडला. पाडण्यासाठी दिलेली कारणे खोटी होती असे म्हणता येणार नाही. स्वच्छतागृहे, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, रंगभूषेच्या खोल्या यांविषयी रंगकर्मी स्वतःच वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. पण वाहनतळाची अडचण सोडली तर यांतले एकही कारण भिंत पाडण्याचे नाही. तुंबलेल्या मोरीला प्लंबर लागतो, वास्तुविशारद नव्हे. काही जाणत्या कलावंतांनीही नव्या वास्तूची बाजू घेतली, त्यामागचा वैताग समजण्यासारखा आहे. दुरुस्तीवरचा विश्वास उडाला की माणूस ‘एकदाचे नवेच बांधा’ म्हणतो. मात्र जुन्या वास्तूतले नळ ज्यांच्याने सांभाळले गेले नाहीत, ते नव्या वास्तूतली उद्वाहने सांभाळतील, हे कशावरून?

याचे मूळ हिशेबाच्या वहीत आहे. देखभाल महसुली खर्चात बसते. पगार, वीज, इंधन यांच्या रांगेत ती शेवटी उभी असते आणि कात्री लागते तेव्हा पहिली सापडते. नवे बांधकाम भांडवली खर्चात जाते. त्याला निविदा असते, भूमिपूजन असते, कोनशिलेवर नावे असतात. बदललेल्या पाइपला कोनशिला कोण लावणार? कायद्याचाही थोडा हातभार आहे. राज्यातल्या बहुतेक महापालिका ज्या १९४९ च्या अधिनियमाखाली चालतात, त्यात बंधनकारक कर्तव्ये आणि ऐच्छिक कर्तव्ये वेगवेगळी सांगितली आहेत, आणि करमणुकीच्या सोयी, नाट्यगृहे ही ऐच्छिकांत पडतात. ऐच्छिक म्हणजे बांधावे की नाही ते ऐच्छिक; एकदा बांधल्यावर सांभाळणेही ऐच्छिक, हा अर्थ आपल्या पालिकांनी आपापल्या सोयीने लावलेला आहे.

गंमत अशी की ज्या जंगली महाराज रस्त्यावर हे रंगमंदिर आहे तो रस्ता याच महापालिकेने सत्तरच्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर करून घेतला होता, आणि खड्डे न पडणारा रस्ता म्हणून पुढे कित्येक वर्षे त्याचे दाखले दिले गेले. म्हणजे काम टिकेल असा करार करणे पालिकेला ठाऊक होते. ती अक्कल रस्त्यावरून नाट्यगृहाच्या आत शिरली नाही, एवढेच.

कोल्हापुरात हाच प्रश्न अत्यंत दुःखद रीतीने उभा राहिला. राजर्षी शाहूंनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिथे संकुलाची भाषा कोणी केली नाही. ‘होते तसेच बांधा’ ही गावाची मागणी होती. जळाल्यावर जे जसेच्या तसे हवेसे वाटते, ते उभे असताना आपल्याला जुनाट वाटते, ही आपल्या रसिकतेची तऱ्हा. (यात आम्ही प्राध्यापक मंडळीही आलोच.)

ही आग लागली तेव्हा कोल्हापूर महापालिकेत नगरसेवकच नव्हते. तिथे नोव्हेंबर २०२० पासून आणि पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकांचा कारभार होता. निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. प्रशासक कार्यक्षम असतील वा नसतील, त्यांना भर सभेत उभे राहून ‘गळक्या छताचे काय झाले?’ असे विचारणारे कोणी नव्हते. आता आहेत. त्यांनी पुढच्या अंदाजपत्रकी सभेत निदान एवढी माहिती मागावी: पालिकेच्या प्रत्येक नाट्यगृहासाठी, तलावासाठी, उद्यानासाठी गेल्या पाच वर्षांत देखभालीची तरतूद किती होती, त्यातली खर्च किती झाली, आणि उरलेली कोणत्या कामाकडे वळवली गेली.