सर्किट लागतंच का?

आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधले दिवे भर दुपारी जळत असतात. उपाय विचारा, आपण लगेच सेन्सर, मायक्रोकंट्रोलर सुरू करतो! स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी १९०७ मध्ये दीपगृहांच्या दिव्यांसाठी ‘सन व्हॉल्व्ह’ काढला. चकचकीत दांड्यांच्या मध्ये एक काळा दांडा. उजेडात काळा जास्त तापतो, लांबतो आणि अ‍ॅसिटिलीन गॅस बंद करतो. संध्याकाळी आखडला की गॅस पुन्हा चालू. वीज नाही, माणूस नाही. भर समुद्रातल्या बोयावर दिवा लावायला रोज कोण जाणार? १९१२ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. त्याच वर्षी गॅसच्या स्फोटात डोळे गेले, तरी ते काम करतच राहिले. आता बोयांवर सोलर पॅनेल आणि एलईडी आलेत, ते ठीकच. पण व्हायव्हात ‘सर्किट दाखव’ म्हणतात सगळे. ‘सर्किट लागतंच का?’ असं मला अजून कुणी विचारलेलं नाही.