पेटीवरचं गाव

आमच्या रत्नागिरीत गाव विचारल्याशिवाय कुणी आंब्याची पेटी घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. हापूसला चव येते ती इथल्या कातळातून नि खाऱ्या वाऱ्यातून. २०१८ साली सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तीच चाळणी लोक कॅमेऱ्याला लावतात, तेव्हा मात्र मला नवल वाटतं.

परवा आळीतला एक मुलगा निकॉनचं खोकं घेऊन आला. आजोबांच्या पेन्शनीतून उसने घेतलेले पैसे, तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं काम ठरलेलं, आणि खोक्यावर लिहिलेलं 'थायलंड'!

"काका, जपानी नाही हो हा! आजोबा म्हणतात, परत कर."

आजोबांचं मला हसू आलं. त्यांच्या लहानपणी 'जपानी माल' ही जवळजवळ शिवीच होती. १९५० साली 'लाइफ'च्या डेव्हिड डग्लस डंकनने कोरियाच्या युद्धात निकॉरची भिंगं वापरली, तेव्हा कुठे जर्मन भिंगांवर पोसलेलं जग जपानकडे वळलं. पुढे जर्मनांच्या रोलायने सिंगापुरात कारखाना काढला. 'रोलाय ३५'चा आराखडा तोच, तरी हौशी मंडळी जर्मनीच्या शिक्क्याला आजही चार पैसे जास्त मोजतात. मोजोत बापडी! निकॉनच्या थायलंडातल्या कारखान्यात २०११ साली पुराचं पाणी शिरलं, तर जगभर त्यांच्या कॅमेऱ्यांची टंचाई झाली.

आणि आपलं कोल्हापूर? फाळक्यांनी १९१२ साली विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला. बाबूराव पेंटरांनी स्वतःच घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. लोकमान्यांनी (तेही जन्माने रत्नागिरीचेच) त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

मुलाला हे पुराण पुरेना, तेव्हा भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कॅमेरा तिपाईवर ठेवला आणि फोटो काढला. चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं स्वच्छ वाचता आली. एकाच कारखान्यातली दोन भिंगं सारखी निघतीलच असं नाही, म्हणून ही परीक्षा प्रत्येकाने करावी. मग मी बिल पाहिलं. कुठे बनला यापेक्षा कुठून घेतला हे मोलाचं. चोरवाटेने आलेल्या मालाला कंपनीची इथली हमी सहसा लागू होत नाही. बिल पक्कं होतं.

"आता आजोबांना सांग, घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या तेवढ्या आणून द्या. आपल्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, आणि ती धरताना जर्मन की थाई हे विचारत नाही."

मुलगा खोकं काखोटीला मारून तडक वाण्याकडे गेला, डबा आणायला.