घरच्या धानाला एक वर्ष मुरू द्या



पुंजणे मोडून धान चुरले की घरात पैशाची निकड असते. धान विकावेच लागते. तरीही कळकळीने सांगतो, घरी खाण्यापुरते धान वर्षभर मुरू द्या.

नवा आणि वर्षाचा जुना तांदूळ शेजारी-शेजारी शिजवून पाहा. नव्याची पेज दाट निघते, शिते चिकटतात, भात गिचका होतो. जुना जास्त पाणी पितो, फुगतो, मोकळा राहतो. तेवढ्याच तांदळात भात जास्त होतो. साठवणीत दाण्यातली प्रथिने एकमेकांशी घट्ट बांधली जातात, दाणा कणखर होतो आणि शिजताना त्यातला स्टार्च बाहेर सांडत नाही. हा बदल पहिल्या काही महिन्यांत अधिक होतो.

नाशिकच्या लाल वाइनचेही काहीसे असेच आहे. द्राक्षाच्या सालीतले आणि बियांतले टॅनिन जिभेला तुरट लागते. बाटलीत ते हळूहळू एकमेकांत गुंफते आणि तुरटपणा मऊ होतो. पण हे भाग्य प्रत्येक बाटलीचे नसते. बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. जिच्यात मुळातच टॅनिन आणि आंबटपणा भरपूर, तीच मुरते.

धानाचेही तसेच आहे, म्हणून सगळेच धान ठेवू नका. चिन्नोरसारख्या सुवासिक तांदळाचा वास दिवसागणिक उडतो. तो सणासुदीला नवा असतानाच खा. जाड, रोजच्या खाण्याचे धान मुरवा.

ठेवताना धान नीट वाळवा. ओलावा बारा-तेरा टक्क्यांवर यायला हवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तर वाळला समजा, दबला तर अजून ऊन द्या. ओले धान भरले तर ते मुरत नाही, बुरशी धरते. धान तुसासकटच ठेवा, लागेल तसे भरडा. कोंडा न काढलेला तांदूळ लवकर खवट होतो, कारण कोंड्यात तेल असते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा आणि पावसाळ्यात किडीसाठी अधूनमधून तपासा.

काळ वाईटाचे चांगले करत नाही. चांगले वाळवलेले, जपून ठेवलेले धानच तो अधिक चांगले करतो. यंदा निदान दोन पोती बाजूला काढा, त्यांवर साल लिहा आणि पुढच्या दिवाळीला तो भात घरच्यांना वाढा.