मीटर बदलला, पण युनिटचा हिशेब आपल्या हाती कधी येणार?

राज्यात महावितरणचे जुने मीटर काढून नवे टीओडी मीटर बसवले जात आहेत. सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असे सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले होते. आता बसणारे मीटर पोस्टपेड आहेत. तरीही वस्त्यावस्त्यांत एकच तक्रार ऐकू येते: मीटर बदलला आणि बिल वाढले. ही तक्रार काही घरांत खरी असेल, काही घरांत नसेल. ते ठरवायचे कसे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

वीज हा आपल्या चळवळीसाठी परका विषय नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे विजेचे खाते होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीच्या अध्यक्षस्थानावरून त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. वीज नसेल तर उद्योग नाहीत आणि उद्योग नसतील तर गरिबीच्या चक्रातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे विजेचा दर हा त्यांच्या दृष्टीने सामाजिक न्यायाचा प्रश्न होता.

आता हिशेब पाहू. वॅट म्हणजे उपकरण वीज किती वेगाने वापरते त्याचे माप. युनिट म्हणजे एकूण किती वीज वापरली त्याचे माप. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. वॅटला तासांनी गुणा, १००० ने भागा, झाले युनिट. सातवीतल्या मुलीलाही जमेल असे हे गणित आहे.

दोन खोल्यांचे एक घर घ्या. ७५ वॅटचे दोन जुने पंखे रोज १२ तास चालले तर महिन्याला ५४ युनिट होतात. लहान फ्रिजचे अंदाजे ३०, टीव्हीचे ९ आणि चार एलईडी दिव्यांचे साडेसहा युनिट धरा. बेरीज शंभराच्या काठावर येते. हिवाळ्यात पाणी तापवायला १५०० वॅटचा रॉड रोज अर्धा तास लावला की आणखी साडेबावीस युनिट वाढतात. उलट दोन्ही पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले, तर ५४ ऐवजी २२ युनिटच लागतात आणि रॉड धरूनही घर नव्वदच्या आसपास राहते.

शंभरचा आकडा महत्त्वाचा, कारण राज्यात घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. शंभर ओलांडले की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो, हा समज चुकीचा आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो.

खरा अन्याय वेगळ्याच ठिकाणी आहे. एका चाळीत चार भाडेकरू कुटुंबे आहेत आणि मीटर घरमालकाच्या नावावर एकच आहे, असे समजा. प्रत्येकाचा वापर ८० युनिट, एकूण ३२०. चौघांचे मीटर वेगळे असते तर सगळी वीज सर्वात स्वस्त टप्प्यात बसली असती. एका मीटरवर मात्र ३२० पैकी २२० युनिटना वरचे दर लागतात. वापर गरिबाचा आणि दर बंगलेवाल्याचा! वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जागेच्या मालकाबरोबर ताबाधारकही जोडणीसाठी अर्ज करू शकतो. पण कागदपत्रांच्या आणि घरमालकाच्या धाकापुढे हा हक्क कागदावरच राहतो. २०२१ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना जोडणी देण्यासाठी बाबासाहेबांच्या नावाने जीवन प्रकाश योजना राबवली गेली. भाडेकरूंसाठी तशीच मोहीम का नको?

टीओडी मीटरमुळे दिवसा वापरलेल्या विजेवर सवलत मिळते, हे खरे. पण त्याचा लाभ कोणाला? सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या घरातला पंखा रात्री चालतो. दिवसा वॉशिंग मशीन आणि एसी चालवणाऱ्या घराला ही सवलत आपोआप मिळते. दर ठरवताना वीज नियामक आयोगाने जनसुनावणीत हा मुद्दा ऐकला पाहिजे, आणि तो मांडायला आपली माणसे तिथे असली पाहिजेत.

मीटर बरोबर आहे का, हेही तपासता येते. मीटरवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. घरातले बाकी सगळे बंद करून १५०० वॅटचा रॉड पाण्याच्या बादलीत लावा. दिवा मिनिटाला साधारण ८० वेळा लुकलुकायला हवा. व्होल्टेजमुळे थोडा फरक पडेल. मोठा फरक दिसला तर मीटर तपासणीची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. बिलाच्या वादात लाइनमन दारात आला, तरी कलम ५६ नुसार पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही.

कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. कंपनी सांगते म्हणून बिल खरे नाही आणि शेजारी सांगतो म्हणून मीटर खोटा नाही. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढून लोकांची बिले वाचून दाखवता येतील. शिकलेल्या तरुणांनी एवढे केले तरी मोर्चात देण्याच्या निवेदनाला आकड्यांचे बळ येईल.

जय भीम!